आहे तोच फोन का आवडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"नवीन कोणता घेऊ" असं विचारणाऱ्यांच्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा सुरुवातीलाच असतं, तसा माझा फोन मस्त चाललाय, अमुक आवडतं तमुक आवडतं, पण... आणि मग खरा प्रश्न येतो. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केलेत. सोपे वर, किचकट खाली. एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा आहे त्यामुळे जिथे गरज आहे तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. लोकांना स्वतःच्या फोनमधलं सगळ्यात जास्त काय आवडतं?

बॅटरी. मग कॅमेरा, मग मोठी स्क्रीन, आणि त्यानंतर जी यादी सुरू होते ती कुठल्या जाहिरातीत सापडायची नाही. कुणाला स्पीकर दणदणीत आहे म्हणून आवडतो, कुणाला शर्टाच्या खिशात मावतो म्हणून, कुणाला हात झटकला की टॉर्च लागतो म्हणून, आणि एका काकूंचं तर एवढंच म्हणणं होतं की "पडतो, उचलते, चालतो." प्रोसेसरचं नाव गेम खेळणारी पोरं सोडली तर कुणीही घेत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात जे छापलंय त्याला आपण पैसे मोजतो आणि वर्षभराने फोन आवडत असतो तो भलत्याच कारणांनी. नवा घ्यायच्या आधी ती भलती कारणं लिहून काढा, दुकानात गेल्यावर आठवत नाहीत.

२. माझा आणि माझ्या जावेचा फोन सेम टू सेम, एकदमच घेतलेले, तिचा रात्रीपर्यंत टिकतो आणि माझा दुपारीच मान टाकतो, असं का?

फोनला दोष देण्याआधी घरात रेंजच्या किती काड्या दिसतात ते बघा. टॉवर लांब असेल किंवा भिंती जाड असतील तर फोनला जास्त जोर लावून सिग्नल पाठवावा लागतो, त्यात तो ५जी आणि ४जी मध्ये सारखा उड्या मारत असेल तर बॅटरी अजून जाते. आपल्याकडे ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, पण अजूनही कितीतरी घरांत एकच काडी येते, तिथे सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ४जी वर ठेवा आणि दोन दिवस फरक बघा. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग पण चालू करा, टॉवरची रेंज नसताना साधा कॉल वायफायवरून जातो, वेगळं ॲप लागत नाही, फक्त तुमचा फोन आणि सिमकार्डवाली कंपनी दोघांनी ते दिलेलं पाहिजे.

मग ब्राइटनेस. मग सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर कुठलं ॲप किती खातंय ते. डार्क मोडने बॅटरी वाचते हे अर्धंच खरं आहे, अमोलेड स्क्रीन असेल तर काळ्या भागातले पिक्सेल बंदच होतात म्हणून वाचते, एलसीडीत मागचा लाइट चालूच राहतो त्यामुळे फरक फक्त डोळ्यांना.

३. बॅटरी चांगली आहे ती तशीच राहावी म्हणून काय करू? रात्रभर चार्जिंगला लावून झोपलं तर चालतं का?

चालतं, फोन फुल झाला की चार्जिंग आपोआप थांबतं, स्फोट वगैरे होत नाही. पण बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि तासन् तास १०० टक्क्यांवर बसून राहणं. उशीखाली ठेवून चार्ज करणं, जाड कव्हर घालून चार्ज करणं, चार्जिंगला लावून क्रिकेटची मॅच बघणं, हे तीन प्रकार बंद केले तरी पुष्कळ झालं. आता बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ॲपलमध्ये आयफोन १५ पासून आहे, अँड्रॉइडमध्ये बॅटरी प्रोटेक्शन किंवा तसंच काहीतरी नाव असतं. दिवसभर ऑफिसात चार्जरजवळ बसणाऱ्यांनी ते चालू ठेवावं, दिवसभर बाहेर फिरणाऱ्यांनी ठेवू नये, बॅटरी तुमच्यासाठी आहे, तुम्ही बॅटरीसाठी नाही.

किती टिकते त्याचा अंदाज हवा असेल तर ॲपलचंच उदाहरण घ्या, आयफोन १४ पर्यंत ते ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राहील असं सांगायचे, १५ पासून १००० सायकल सांगतात, तेही आदर्श परिस्थितीत. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर, आज ५० आणि उद्या ५० वापरली तर एकच सायकल. बदलायची वेळ आली असेल तर प्रश्न १३.

४. टाइप-सी मुळे घरात सगळ्यांना एकच वायर पुरते हे मला फार आवडतं, पण भावाच्या चार्जरने माझा फोन हळू का चार्ज होतो?

भोक एक झालं, भाषा एक झाली नाही. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नवीन फोनला टाइप-सी सक्तीचं आहे, ॲपलने त्याआधीच २०२३ मध्ये आयफोन १५ ला ते दिलं, त्यामुळे वायरचा गोंधळ संपला. पण जलद चार्जिंगसाठी प्रत्येक कंपनीची स्वतःची पद्धत असते आणि ६७ वॅट, ८० वॅट असं जे लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा त्याच कंपनीचा चार्जर आणि त्याच कंपनीची केबल असेल तरच मिळतं. केबलकडे कुणी बघत नाही आणि निम्म्या वेळा घोळ तिथेच असतो. दुसऱ्या चार्जरने चार्ज केल्याने फोन खराब होत नाही, फक्त वेळ लागतो. रस्त्यावरचा बिननावाचा चार्जर मात्र नको.

५. माझा जुना ५० मेगापिक्सेलवाला फोन मित्राच्या २०० वाल्यापेक्षा छान फोटो काढतो, हे शक्य आहे का?

अगदी शक्य आहे. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरासुद्धा रोजच्या मोडमध्ये १६ पिक्सेल मिळून एक करतो आणि साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, तुमचा ५० वाला चारांचा एक करून तेवढाच देतो. म्हणजे फोटो शेवटी सारखाच मोठा. फरक पडतो सेन्सरच्या आकाराने, लेन्सने आणि नंतर फोन त्या फोटोवर जी काही मेकअपची कामं करतो त्याने.

आणि लोकांना आवडतं ते मेकअपचंच काम असतं, किंवा अजिबात आवडत नाही. हळदीच्या कार्यक्रमातले फोटो बघा, पिवळा मंडप, पिवळ्या साड्या, पिवळे बल्ब, एका फोनमध्ये नवरीचा चेहरा व्यवस्थित येतो आणि दुसऱ्यात कावीळ झाल्यासारखा. दुकानात फोन बघताना पांढऱ्या ट्यूबलाइटखाली सगळेच चांगले दिसतात, पिवळ्या बल्बखाली आणि उलट्या उजेडात, म्हणजे माणसाच्या मागे दार किंवा खिडकी असताना, काढून बघा. तुमच्या फोनमध्ये सगळी माणसं पावडर लावल्यासारखी गोरी येत असतील तर ब्यूटी मोड चालू आहे, तो शून्यावर आणा, आपली सावळी माणसं सावळी दिसू द्यात.

अजून एक, २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा कॅमेरा, हा कॅमेऱ्यांची संख्या वाढवायला चिकटवलेला असतो, तो मोजू नका. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो पाहून कॅमेरा ठरवू नका, पाठवताना एचडी निवडा नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

६. हेडफोनचं भोक असलेला फोन आवडतो म्हणून बदलत नाहीये, मी वेडा आहे का?

नाही. आयफोन ७ ने २०१६ मध्ये ३.५ एमएमचा जॅक काढला आणि मग हळूहळू महागड्या फोनमधून तो गेलाच, पण स्वस्त आणि मधल्या किमतीच्या काही फोनमध्ये अजून मिळतो. वायरवाल्या इअरफोनला चार्जिंग लागत नाही, तो लोकलच्या दारातून पडत नाही, आणि भजनी मंडळात तबल्याबरोबर रियाज करणाऱ्या एका वाचकाने लिहिलं होतं की ब्लूटूथमध्ये ठेका मागे पडतो, ते बरोबर आहे, थोडा उशीर होतोच.

जॅक नसलेला फोन घ्यायची वेळ आलीच तर टाइप-सी ते ३.५ चं कनेक्टर मिळतं, पण ते घेताना आत डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप, आहे का ते विचारा. काही फोन टाइप-सीतून थेट आवाज सोडतात, काही सोडत नाहीत, डॅक असलेलं दोन्हीकडे चालतं. साधं घेतलं आणि आवाजच आला नाही असे मेसेज ढिगाने येतात.

७. बोटाचा ठसा बाजूच्या बटणावर चांगला की स्क्रीनखाली? आमच्या बाबांचा ठसा घेतच नाही.

बाजूच्या बटणावरचा लोकांना जास्त आवडतो असा माझा अनुभव आहे, खिशातून काढतानाच अंगठा तिथे जातो आणि फोन उघडलेला असतो. स्क्रीनखालचे दोन प्रकार, ऑप्टिकल म्हणजे बोटाखाली उजेड पडतो आणि फोटो काढतो तसं, आणि अल्ट्रासॉनिक म्हणजे आवाजाच्या लहरींनी ठसा वाचतो, तो ओल्या बोटाला जरा बरा पण महाग फोनमध्येच, आणि वर जाड टेम्पर्ड ग्लास लावली की रुसतो.

बाबांचं म्हणाल तर शेतात, गवंडीकामात, भांडी घासण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात वयाने कातडी कोरडी पडते, फोनची चूक नाही. जे बोट कामात कमी येतं ते वापरा, बहुतेकांचं डाव्या हाताची अनामिका, तेच बोट दोन वेगळ्या नावांनी दोनदा नोंदवा, एकदा कोरडं एकदा जरा ओलसर. तरी नाही जमलं तर पिनवर जा आणि भांडणं मिटवा.

८. हात झटकला की टॉर्च, म्यूटचं वेगळं बटण, टीव्हीचा रिमोट, या सोयी दुसऱ्या कंपनीच्या फोनमध्ये मिळतील का?

एकेक करून सांगतो. दोनदा झटका दिला की टॉर्च ही मोटोरोलाची जुनी खासियत, ज्याला सवय लागली तो दुसऱ्याचा फोन हातात घेऊनही झटकत बसतो. लाइट गेल्यावर अंधारात स्क्रीन न बघता जिना उतरता येतो, ही किंमत खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. दुसऱ्या अँड्रॉइडवर ॲप टाकून हे जमवता येतं पण ते ॲप सतत मागे चालू राहतं आणि फोन ते मधेच मारून टाकतो, मग जिन्यात झटकत राहा.

आवाज बंद करायचं सरकतं बटण वनप्लसने २०१५ मध्ये वनप्लस २ पासून दिलं, २०२५ च्या काही मॉडेलपासून त्याऐवजी दाबायचं बटण यायला लागलंय, म्हणजे त्याच कंपनीचा पुढचा फोन घेतला तरी खात्री नाही, फोटोत बाजू बघून घ्या. आयफोनमध्येही १५ प्रो पासून जुन्या स्विचच्या जागी ॲक्शन बटण आलं.

रिमोट म्हणजे आयआर ब्लास्टर, शाओमीच्या पुष्कळ फोनमध्ये असतो. फोनच्या वरच्या कडेला काळा ठिपका दिसला तर तो. याला सॉफ्टवेअरने पर्याय नाही, हार्डवेअरच लागतं. एसी, जुना टीव्ही, सेट टॉप बॉक्स यांना चालतो, ब्लूटूथ रिमोटवाल्या टीव्ही स्टिकला चालत नाही.

९. माझ्या फोनमध्ये मराठीत बोललं की टाइप होतं, हे नवीन फोनमध्ये असेल ना?

असेल, कारण ती कमाल फोनची नाहीच, कीबोर्डची आहे. बहुतेक अँड्रॉइडमध्ये गूगलचा जीबोर्ड असतो, त्यात मराठी भाषा घातली की बोलून टाइप करता येतं, इंग्रजी अक्षरांत लिहून देवनागरी मिळवता येतं आणि थेट देवनागरी कीबोर्डही मिळतो. नवीन फोनमध्ये कंपनीने दुसरा कीबोर्ड लावून दिला असेल तर प्ले स्टोअरवरून जीबोर्ड टाका. ज्या गोष्टी आपण फोनच्या नावावर जमा करतो त्यातल्या कितीतरी ॲपच्या असतात, त्या तुमच्याबरोबर येतात, त्यांच्यासाठी जुना फोन धरून बसायची गरज नाही. उलट प्रश्न ६ आणि ८ मधल्या गोष्टी फोनबरोबरच जातात.

१०. उन्हात स्क्रीन स्पष्ट दिसते म्हणून हा फोन आवडायचा, पण मे महिन्यात शेतात ती अंधारते, बिघडली का?

बिघडली नाही, तापली. नवीन फोन उन्हात स्क्रीनचा उजेड एकदम वाढवतात, जाहिरातीत जे निट्सचे (स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) मोठे आकडे असतात ते यासाठीच, पण फोन एका मर्यादेपलीकडे गरम झाला की तोच उजेड आपणहून कमी करतो, चार्जिंग थांबवतो, कॅमेराही बंद करू शकतो. ॲपल तर आयफोन ० ते ३५ डिग्रीत वापरा असं लिहून मोकळं झालंय, आता विदर्भात मे महिन्यात ३५ डिग्री म्हणजे पहाट.

हा प्रश्न बहुतेक शेतकऱ्यांकडून येतो कारण ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायचं सरकारी ॲप, शेतात उभं राहूनच करावी लागते, पिकाचा फोटो तिथूनच काढायचा, जीपीएस चालू पाहिजे, आणि उन्हात स्क्रीन दिसली नाही तर गट नंबर कसा निवडणार. सकाळी करा, जाड कव्हर काढा, सावलीत फॉर्म भरून फक्त फोटोला उन्हात जा. गार करायला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

११. फोन वॉटरप्रूफ आहे म्हणून निर्धास्त असतो, विसर्जनाला समुद्रात घेऊन जाऊ का?

नको. फोन किती पाणी सोसतो त्याचा दर्जा आयपी नंबरने सांगतात, आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं, आयपी६८ म्हणजे त्याहून खोल, किती ते कंपनी सांगते, पण ही परीक्षा प्रयोगशाळेत गोड्या आणि स्थिर पाण्यात होते. समुद्राचं खारं पाणी, स्विमिंग पूलचं क्लोरीन, रंगपंचमीचा रंग, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. पाणी आत गेलं तर वॉरंटी बहुतेक कंपन्या देत नाहीत, वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या फोनलाही. आतली रबरी सील वयाने सैल होतात, आणि एकदा फोन उघडून स्क्रीन किंवा बॅटरी बदलली की आधीसारखं पाणी अडवेल याची खात्री धरू नका. पावसात बसस्टॉपवर कॉल घेता येतो, चुकून बादलीत पडला तर वाचतो, एवढ्यासाठी हे फीचर आवडून घ्या.

भिजलाच तर चार्जिंगला लावायचा नाही, भोक खाली करून हलकेच आपटून पाणी काढायचं आणि हवेशीर ठेवायचा. तांदळाच्या डब्यात घालू नका, ॲपलनेसुद्धा ते करू नका म्हणून लिहिलंय, तांदळाची भुकटी भोकात जाते.

१२. जुन्या फोनमध्ये कॉल रेकॉर्ड व्हायचा, समोरच्याला कळायचं नाही, नव्यात बाई बोलते, काय करू?

हा प्रश्न आला नाही असा आठवडा जात नाही. गूगलचा फोन ॲप असेल तर रेकॉर्डिंग सुरू होताना दोघांना ऐकू जाईल अशी घोषणा होते, आणि मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरच्या बाहेरच्या रेकॉर्डिंग ॲपना गूगलने दार बंद केलं. काही ब्रँड स्वतःचा डायलर, म्हणजे कॉल लावायचं ॲप, देतात त्यात घोषणा नसते, दुकानात एक कॉल लावून बघा, तोच खरा पुरावा. आयफोनला ही सोय आयओएस १८.१ मध्ये, २०२४ ला आली, तिथेही घोषणा होतेच. माझं विचाराल तर समोरच्याला सांगून रेकॉर्ड करावं, पण शेतमालाचा भाव फोनवर ठरवून नंतर व्यापारी फिरतो तेव्हा लोकांना हे फीचर का आवडतं तेही कळतं. घोषणा टाळायला कुठलंतरी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून उतरवलेलं ॲप, टाकू नका, तुमचे बँकेचे ओटीपी त्याच फोनवर येतात.

१३. फोन खूप आवडतो, फक्त बॅटरी गेलीये, बदलू की नवीन घेऊ?

फोनला सिक्युरिटी अपडेट अजून येत असतील आणि स्क्रीन धड असेल तर बॅटरी बदला, नव्या फोनच्या मानाने खर्च किरकोळ आहे. अपडेट कुठवर येणार ते मॉडेलवर असतं, गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षं म्हटलंय, स्वस्त फोनला खूपच कमी. अपडेट संपले म्हणून फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, आधी बँकेची ॲप कुरकुरतात, मग बाकीची. व्हॉट्सॲपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड किटकॅट सोडलं, पण ते २०१३ चं होतं, यावरून अंदाज घ्या.

बॅटरी शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच, कोपऱ्यावरचा "ओरिजिनल आहे साहेब" म्हणतो तेव्हा बिल आणि वॉरंटी लेखी मागा, लगेच सूर बदलतो. देण्याआधी बॅकअप घ्या, सर्व्हिस सेंटर फोन रिसेट करू शकतं. मागचं कव्हर फुगून स्क्रीन उचलली गेली असेल तर विचार करत बसू नका, फोन बंद करा, चार्ज करू नका, दाबून बसवायचा तर अजिबात प्रयत्न नको.

१४. मला आवडणारं मॉडेल बंद झालं, तेच सेकंड हँड घेतलं तर?

घेता येतं, पण त्यात नवी बॅटरी घालायचा खर्च आधीच धरा आणि अपडेटची मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून मोजा, तुम्ही घेतल्यापासून नाही. अमोलेड असेल तर स्क्रीनवर पूर्ण पांढरा फोटो उघडून हिरवी किंवा गुलाबी रेघ आणि जुन्या कीबोर्डचा डाग बघा.

पैसे द्यायच्या आधी फोनवरून स्टार हॅश ०६ हॅश डायल करा, आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, दिसेल, दोन सिमचा असेल तर दोन दिसतील. तो नंबर सरकारच्या संचार साथीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर टाकून बघा, नाहीतर केवायएम लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा, केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत. ब्लॅकलिस्ट, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर फोन कितीही आवडता असला तरी परत द्या. खोक्यावरचा आणि फोनमधला नंबर जुळतोय का तेही बघा, आणि विकणाऱ्याला त्याचं गूगल किंवा ॲपलचं अकाउंट तुमच्यासमोर काढायला लावा. "घरी गेल्यावर काढतो" म्हणाला तर तुम्हीही पैसे घरी गेल्यावरच पाठवा.